आजारी पाच ओळी

पिचकारी नेमकी गंगाच्या पायाशी पडली. तपकिरी, चिकट, आणि मधोमध चघळलेल्या तंबाखूचा चोथा. गंगाने पाय मागे घेतला. पिचकारी मारणारे आप्पा मात्र आपल्याच नादात होते. त्यांनी बोटांनी ओठ पुसले आणि त्याच ओल्या बोटांनी टोमॅटोचं एक पान उलटंपालटं करून बघायला सुरुवात केली.

"शी!" राहीच्या तोंडून निघालंच.

आईने तिला कोपराने ढोसलं. मोठ्यांना शी म्हणायचं नसतं. मोठ्यांनी मात्र दुसऱ्याच्या मळ्यात, दुसऱ्याच्या पायावर थुंकलं तरी चालतं. आता याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

१९८६ सालच्या दिवाळीच्या सुट्टीचा तो पहिला दिवस. खेडहून एसटीने तासभर आत गेलं की तळेवाडी लागते. वाडीतले बहुतेक बाप्ये मुंबईला कामाला, त्यामुळे शेतीभाती सगळी बायकांच्या गळ्यात. राही तेरा वर्षांची, आठवीतली, नाकावर सदा राग. तिचा धाकटा भाऊ लवू नऊ वर्षांचा, आणि कुठेही शिरून काहीही हुडकून आणण्यात पटाईत. गंगा राहीच्याच वर्गात होती. ती ओढ्यापलीकडच्या बौद्धवाडीत राहायची, बोलायची कमी आणि वहीत लिहून ठेवायची जास्त.

राहीची आई प्रभावती आणि गंगाची आई कमलाबाई या दोघींनी त्या वर्षी पहिल्यांदाच विहिरीलगतचा उंचवट्यावरचा मळा भागीत केला होता. टोमॅटोच्या आठ ओळी होत्या. बी कमलाबाईंनी आपल्या अंगणात टाकलं, श्रावणातल्या पावसात नारळाच्या झापांखाली रोपं जपली, आणि गणपती गेल्यावर दोघींनी मिळून ती मळ्यात लावली. झाडं कशी तरारली होती! राही आणि गंगा शाळेतून येताना वाकडी वाट करून ती बघायला जायच्या.

आणि आता आठातल्या पाच ओळींची दशा बघवत नव्हती. पानांवर कुठे फिकट पिवळे, कुठे गर्द हिरवे चट्टे पडले होते. शेंड्याची नवी पानं अरुंद होऊन सुतळीसारखी पिळवटली होती. फुलं गळून खाली मातीत पडलेली. उरलेल्या तीन ओळी तेवढ्या हिरव्यागार होत्या.

वाडीतली माणसं जमली होती आणि सगळ्यांचं लक्ष आप्पांकडे होतं. भागोजी आप्पा वाडीतले सगळ्यांत वडील. त्यांच्या हाताला गुण आहे असं वाडीत मानत. नारळाचं रोप असो, भोपळ्याचं बी असो, पहिला हात आप्पांचा लागायचा. टोमॅटोची पहिली खुडणीही, म्हणजे पानांच्या बगलेतले नको ते फुटवे खुडणं, त्यांच्याच हातून करून घेतली होती. त्यासाठी प्रभावती त्यांना घरी जाऊन बोलावून आली होती.

आप्पांनी पान टाकून दिलं, मान हलवली आणि हा झाडांचा दोष नाही, हाताचा दोष आहे असं सांगितलं. कुणाच्या हाताचा, ते त्यांनी सांगितलं नाही. ते काम शेजारच्या सोनूबाईने केलं. रोपं कुणाच्या अंगणातली, असं तिने विचारलं आणि सगळ्यांच्या माना कमलाबाईंकडे वळल्या. बस्स, एवढंच झालं. कुणी ओरडलं नाही, कुणी भांडलं नाही, आणि पाच मिनिटांत निकाल लागून गेला. कमलाबाईंनी यापुढे मळ्यात पाय ठेवायचा नाही. आप्पा उद्या सकाळी येऊन उरलेल्या तीन ओळींतल्या एकेका झाडाला हात लावतील, म्हणजे ती तरी वाचतील.

कमलाबाईंनी प्रभावतीकडे बघितलं. प्रभावती विहिरीकडे बघत होती. मग कमलाबाई ओढ्याच्या वाटेला लागल्या, आणि गंगा त्यांच्या मागोमाग गेली.

त्या दुपारी राही जेवली नाही. आईने हाक मारली तर तिने भांड्याला लाथ मारली आणि त्याबद्दल पाठीत धपाटाही खाल्ला. "तू गप्प का बसलीस?" एवढंच ती विचारत राहिली. आईचं उत्तर एकच होतं, वाडीत राहायचंय आपल्याला. राहीला या उत्तराची पिचकारीपेक्षाही जास्त किळस आली.

ती उठली, लवूला घेतलं आणि ओढा ओलांडून गंगाकडे गेली.

गंगाच्या अंगणात पाय टाकला आणि राही जागच्या जागी थबकली. कुडाच्या कडेने टोमॅटोची पंधरा-सोळा झाडं उभी होती. काठ्यांना नीट बांधलेली, हिरवीगार, फुलांनी लगडलेली. एकाही पानावर चट्टा नव्हता.

"ही कुठली गो?" राहीने विचारलं.

"त्याच रोपांतली," गंगा म्हणाली. "मळ्यात लावून उरली ती. त्याच दिवशी लावली."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. रोपांत खोट असती, कमलाबाईंच्या हातात खोट असती, तर ती इथे आधी दिसायला हवी होती. इथे तर दुसऱ्या कुणाचा हातच लागला नव्हता. पण हे वाडीतल्या कुणाला कळणार कसं? ओढ्याच्या अलीकडून पलीकडे मोठं कुणी येतच नसे. आप्पा तर सत्तर वर्षांत एकदाही आले नव्हते. कुणी विचारलं तर गुडघा दुखतो म्हणायचे. आठ मैल चालून जत्रेला जाताना तो गुडघा कधी दुखला नाही.

राही तशीच धावत जाऊन सगळ्यांना ओढून आणणार होती. गंगाने तिचा हात धरला. "नुसतं हे दाखवलं तर काय म्हणतील सांगू? स्वतःची नीट ठेवली आणि मळ्यातली मुद्दाम बिघडवली, असंच म्हणतील. रोग कशाने झाला ते सापडलं पाहिजे."

गंगाने वही उघडली. मळ्यातल्या पाच ओळींना असं काय मिळालं, जे तिथल्या तीन ओळींना आणि अंगणातल्या झाडांना मिळालं नाही? पाणी म्हणावं तर आठही ओळींना विहिरीचंच होतं. शेणखत एकाच उकिरड्यातलं. राहीला किडीचा संशय होता. संध्याकाळी तिघं मळ्यात जाऊन आजारी झाडांची पानं उलटी करकरून बघून आली, लवू तर पालथा पडून बघत होता. मावा नाही, पांढरी माशी नाही, काही नाही. पानं उलटताना आजारी झाडांना हात लागले होते. तेच हात अंगणातल्या झाडांना नकोत म्हणून गंगाने परत येताच तिघांना साबणाने हात धुवायला लावले. का कोण जाणे, पण तिला तसं वाटलं खरं.

मग लवूला आठवलं. दसऱ्याच्या दिवशी आप्पा खुडणीला आले तेव्हा तो बांधावर बसून होता. आप्पांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, आणि पाचवी ओळ संपते न संपते तोच देवळात ढोल वाजला. आप्पा मानकरी, सोनं लुटायला त्यांच्याशिवाय कोण सुरुवात करणार? ते तसेच उठून गेले. राहिलेल्या तीन ओळी दुसऱ्या दिवशी कमलाबाईंनी खुडल्या.

गंगाने वहीत पाच ओळी आखल्या, त्यांच्यापुढे आप्पांचं नाव लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"आणि उद्या ते उरलेल्या तीन ओळींना हात लावणार," राही म्हणाली.

ते थांबवायला हवं होतं, आणि तेही आप्पांना न दुखावता. राही त्या संध्याकाळी केस नीट विंचरून, तोंड धुऊन आप्पांच्या ओटीवर जाऊन बसली. चार माणसं गप्पा मारत होती. तिने अगदी गरीब चेहऱ्याने विचारलं की देव कार्तिकी एकादशीपर्यंत झोपलेले असतात ना, मग तुळशीच्या लग्नाआधी गुणाचा हात लावलेला चालतो का? तुम्हीच मागे सांगितलं होतंत, की चालत नाही म्हणून.

आप्पांनी असं कधीच सांगितलं नव्हतं. पण चार माणसांसमोर एवढी शहाणपणाची गोष्ट आपली नाही असं म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी तंबाखूचा बार दुसऱ्या गालात सरकवला आणि सांगितलं होतंच मी, असं म्हणून मोकळे झाले. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हात लावायचं ठरलं. दसऱ्याला खुडणी केली तेव्हाही देव झोपलेलेच होते, हे आप्पांच्या लक्षात आलं नाही आणि राहीने ते आणून दिलं नाही.

सोळा दिवस हाती आले.

आता प्रश्न असा, की आप्पांच्या हातावर असतं काय? दुसरा अख्खा दिवस तिघांनी आप्पांवर पाळत ठेवली. लवू फणसाच्या झाडावर, राही गोठ्याआड, आणि गंगा ओढ्याकडच्या करवंदीच्या जाळीत वही घेऊन. संध्याकाळी त्यांनी जी यादी केली ती वाचून तुम्हाला जेवण जाणार नाही, पण खरं ते सांगायलाच हवं. आप्पांनी गोठ्यात शेण काढलं आणि हात पेंढ्याला पुसले. चार वेळा नाकात बोट घातलं. दोनदा कान कोरला. आणि अकरा वेळा डाव्या तळहातावर तंबाखू घेऊन, चुना लावून, अंगठ्याने मळमळ मळली. हात त्यांनी दिवसभरात एकदाच धुतले, जेवायच्या आधी, आणि तेही नुसते पाण्यात बुडवून. ह्या हाताला गुण! राहीला ओकारी यायची बाकी होती.

नाक आणि कान गंगाने यादीतून खोडले, कारण ते मिळवायचे कसे हा प्रश्न होता. उरलं शेण, चुना आणि तंबाखू. शेण वाटेल तेवढं होतं. चुना सोनूबाईच्या पानाच्या डब्यात होता. तंबाखू मात्र आप्पांच्याच चंचीतली हवी होती, ती कमरेला खोचलेली असायची.

हे काम लवूचं. दुपारी आप्पा ओटीवर घोरत पडले होते. चंची कमरेतून निसटून चटईवर आली होती. लवू पोटावर सरकत सरकत गेला, चंचीची दोरी सैल केली आणि चिमूटभर तंबाखू कागदावर ओतली. तेवढ्यात आप्पांनी कूस बदलली. लवूने सुटकेसाठी हात मागे टेकला तो नेमका भिंतीकडेच्या पिकदाणीत! हात मनगटापर्यंत आत. बिचाऱ्याने हूं की चूं केलं नाही. तो तस्साच सरकत बाहेर आला, हात अंगापासून लांब धरून ओढ्यापर्यंत धावला आणि तिथे पोटातलं सगळं बाहेर आलं. राहीने त्याचा हात वाळूने घासला, मग कपड्याच्या साबणाने घासला, मग पुन्हा वाळूने. त्यानंतर दोन दिवस लवू डाव्याच हाताने जेवला.

गंगाने हौसेने मागाहून टाकलेल्या बियांची वीतभर रोपं होती. त्यांतली बारा तिघांनी पत्र्याच्या रिकाम्या डब्यांत लावली आणि गंगाच्या घराच्या मागच्या पडवीत मांडली. तीन डब्यांतल्या रोपांचा शेंडा नुसत्या स्वच्छ हाताने खुडला. तीन रोपांचा चुन्याच्या बोटांनी, तीन रोपांचा शेणाच्या, आणि उरलेल्या तीन रोपांचा तंबाखू पाण्यात मळून त्या बोटांनी. प्रत्येक वेळी मध्ये साबणाने हात धुतले. गंगाने प्रत्येक डब्यावर कोळशाने खूण केली. कमलाबाई दारातून हे सगळं बघत होत्या. डब्यांना भोकं पाडून घ्या, पाणी साचेल, एवढं त्यांनी सांगितलं.

मग वाट बघणं आलं, आणि तेच सगळ्यांत कठीण. पहिले चार दिवस काहीच झालं नाही. दिवाळी आली. मुंबईहून बाबा आले, फटाके आले, चकल्या झाल्या. दरवर्षी प्रभावती फराळाचं ताट ओढ्यापलीकडे पाठवायची, या वर्षी पाठवलं नाही. राहीने ते बघितलं आणि आपल्या वाटणीच्या सगळ्या चकल्या उचलून गंगाकडे नेल्या. गंगाने त्या घेतल्या, पण खाल्ल्या नाहीत. आई आता घरात दिवसभर बसून असते, असं तिने सांगितलं. मळ्याची वेळ झाली की ती उठते आणि पुन्हा बसते.

सहाव्या दिवशीही बाराच्या बारा रोपं तशीच होती. सगळं फुकट गेलं असं लवू म्हणाला, आणि त्याची पिकदाणी आठवून तो रडलासुद्धा. राही त्याच्यावर खेकसली, कारण तिलाही तसंच वाटत होतं.

नवव्या दिवशी सकाळी गंगा ओढा ओलांडून आली. ती सहसा वाडीत यायची नाही, आणि आज तर धावत आली. तिला दम लागला होता. तिने राहीचा हात धरून तिला ओढतच नेलं.

तंबाखूच्या तीनही डब्यांत नव्या पानांवर फिकट चट्टे उमटले होते. नीट उजेडात धरलं की दिसत होते, पिवळट आणि हिरवे, मळ्यातल्यासारखेच. चुन्याची रोपं स्वच्छ, शेणाची स्वच्छ. पण नुसत्या हाताने खुडलेल्या तिन्हींपैकी एक रोपही आजारी होतं. राहीचा चेहरा पडला. एवढी मेहनत, आणि हे एक रोप सगळ्यावर पाणी ओतणार.

त्यांच्या मागून धावत आलेला लवू पाय घासत उभा होता. खूप टोचल्यावर त्याने कबूल केलं की तंबाखूचे डबे झाल्यावर, हात धुवायच्या आधी, त्या रोपावर मुंगी दिसली म्हणून त्याने ती चिमटीत धरून काढली होती. पान जरासं फाटलंही होतं.

गंगाच्या तोंडावर त्या पंधरवड्यात पहिल्यांदा हसू आलं. "अरे, मग तर चांगलंच झालं. एका झाडाचं दुसऱ्याला हातानेच लागतं, हे तूच सिद्ध केलंस." आणि तिने वहीत लवूचं पूर्ण नाव लिहिलं.

त्याच दिवशी राहीने शेतीखात्याच्या सहदेव साहेबांना पोस्टकार्ड टाकलं. ते कृषी सहायक, दर पंधरवड्याला सायकल घेऊन वाडीत येत. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नक्की या, टोमॅटोचा जीव अडकलाय, असं तिने लिहिलं.

तुळशीचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वाडी मळ्याच्या बांधावर हजर होती. आप्पा धुवट धोतर नेसून आले. त्यांनी चंची सोडली, तळहातावर तंबाखू घेतली, मळली, तोंडात टाकली आणि हात झटकून सहाव्या ओळीकडे निघाले. राही आडवी उभी राहिली. तिच्या एका हातात साबण होता, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या.

"आप्पा, आधी हात धुवा."

कुणीतरी हसलं. आप्पांना वाटलं पोरगी चेष्टा करतेय. ती करत नाही हे लक्षात आल्यावर त्यांचा चेहरा लाल झाला. या हाताने वाडीतले निम्मे माड लावलेत, आणि तू मला हात धुवायला सांगतेस, असं ते म्हणाले. प्रभावती राहीला मागे ओढायला पुढे झाली. पण राही आता थांबणार नव्हती. तिने भडाभडा सगळं सांगितलं, दसऱ्याची खुडणी, पाच ओळी, देवळातला ढोल. लवूने मध्येच पिकदाणीचंही सांगून टाकलं.

सहदेव साहेब तोवर सायकल बांधाला टेकवून आत आले होते. त्यांनी आजारी झाडाचं पान उजेडात धरून बघितलं. हा विषाणूचा रोग आहे, याला मोझॅक म्हणतात, असं ते म्हणाले. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातले. तंबाखूच्या पिकालाही हाच रोग होतो, आणि रोगट पान वाळलं, कुटलं, चंचीत वर्षभर पडलं, तरी त्यातला विषाणू मरत नाही. मळलेल्या तंबाखूचा हात घेऊन फुटवा खुडला की तो जखमेतून आत शिरतो. मग तेच बोट पुढच्या झाडाला, तिथून पुढच्या. ओळच्या ओळ जाते.

"मग औषध?" प्रभावतीने विचारलं.

"औषध नाही बाई. कितीही फवारा, उपयोग नाही. आजारी झाडं मुळासकट उपटून जाळायची. त्यांना हात लावला की साबणाने धुतल्याशिवाय चांगल्या झाडाला लावायचा नाही. मळ्यात तंबाखू नाही, विडी नाही. हे तुमच्या पोरांनी माझ्याआधी शोधलंय."

आप्पा ऐकून घेणारे नव्हते. रोपंच रोगट होती, बाईच्या अंगणातूनच रोग आला, हे पुस्तकी बोलणं मला सांगू नका, असं त्यांनी ठणकावलं. तेव्हा गंगा पुढे आली.

"आप्पा, त्याच रोपांतली आमच्या अंगणात उरलेली लावलीत. चला बघायला."

आप्पांनी ओढ्याकडे बघितलं. ओढा दोनशे पावलांवर होता.

"माझा गुडघा," आप्पा म्हणाले.

"सायकलवर बसा," सहदेव साहेब म्हणाले. "मी ढकलत नेतो."

आता नाही म्हणायला जागाच उरली नाही. आप्पा सायकलवर बसले नाहीत, चालत गेले, आणि गुडघा काही दुखला नाही. त्यांच्यामागे वाडी गेली. कित्येकांनी ओढ्यापलीकडचं अंगण त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. कुडालगत टोमॅटोची झाडं उभी होती आणि प्रत्येक झाडावर लिंबाएवढी हिरवी फळं लोंबत होती. गंगाने बारा डबे आणून ओळीने मांडले. कुठल्या डब्याला काय लावलं ते तिने वहीतून वाचून दाखवलं, लवूच्या मुंगीसकट. सोनूबाईने एकेक डबा उचलून पान उजेडाला धरलं, आणि दर वेळी ती थोडी जास्त गप्प होत गेली. आप्पांनी कुठल्याच डब्याला हात लावला नाही. ते हात मागे बांधून उभे होते.

मग सगळे एकदम बोलायला लागले. काय हुशार पोरं, काय डोकं, आमच्या वेळी असं नव्हतं. सहदेव साहेब म्हणाले की ही वही मी खेडला साहेबांना दाखवतो. सोनूबाई गंगाच्या गालावरून हात फिरवायला पुढे आली, तीच सोनूबाई जिने सोळा दिवसांपूर्वी सगळ्यांच्या माना वळवल्या होत्या. आप्पासुद्धा घसा खाकरून म्हणाले, "शाबास गो पोरी. मोठी होशील."

गंगा मागे सरली. "मला शाबासकी नको, आप्पा. तुम्ही आईला सांगा."

"काय सांगू?"

"मळ्यात सगळ्यांसमोर तिचं नाव घालवलंत. आता मळ्यात जाऊन, सगळ्यांसमोरच, तिचा दोष नव्हता म्हणून सांगा."

कमलाबाई तिला गप्प करायला लागल्या. राहू दे गो, मोठी माणसं आहेत, असं म्हणत त्यांनी तिचा दंड धरला. तेव्हा प्रभावती गर्दीतून पुढे आली. तिचे डोळे भरले होते.

"पोर बरोबर बोलते," ती म्हणाली. "आणि आप्पांच्या आधी मी सांगणार. कमलाबाय, त्या दिवशी मला सगळं माहीत होतं, तुझा हात कसा आहे ते. तरी मी विहिरीकडे बघत राहिले. लाज वाटते मला."

राहीने आईकडे बघितलं. पंधरवडाभर जे तोंड तिला बघवत नव्हतं, ते आता तिला आपल्या आईचं वाटलं.

सगळे परत मळ्यात आले. कमलाबाई बांधावरच थांबल्या. प्रभावतीने त्यांचा हात धरून त्यांना आत आणलं. आप्पा पहिल्या ओळीपाशी उभे राहिले. आधी त्यांनी तोंडातला बार काढून टाकायला मान वळवली, पण गंगा बघत होती, म्हणून ते बांधाबाहेर जाऊन थुंकून आले.

"कमलाबाय," ते म्हणाले, "रोग माझ्या हाताने आला. तुझ्या नाय." आवाज अगदी बारीक होता. मागच्यांना ऐकू आलं नाही, आणि ऐकू आलं नाही म्हणून मागून लवू ओरडला. आप्पांनी एकदा डोळे मिटले आणि पुन्हा सांगितलं, आता सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं.

कमलाबाईंनी ते ऐकून घेतलं. त्यांनी पदर खोचला, वाकून पहिलं आजारी झाड मुळासकट उपटलं आणि बाजूला टाकलं. प्रभावतीने दुसरं उपटलं. मग राही, गंगा, लवू, सोनूबाई, सगळेच लागले. मग आप्पाही पाचव्या ओळीतल्या झाडाकडे वाकले.

"थांबा," कमलाबाई म्हणाल्या. "पाचवी सहावीला लागून आहे. आधी साबण लावून या."

आप्पा विहिरीवर गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. ते परत आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. त्यांनी दोन्ही हात कमलाबाईंसमोर पुढे केले. कमलाबाईंनी ते आपल्या हातात घेतले, नखं बघितली, बोटांच्या बेचक्या बघितल्या, अंगठ्यावरचा तंबाखूचा जुना डाग चोळून बघितला. आप्पांनी हात मागे घेतले नाहीत.

"अंगठा राहिलाय," त्या म्हणाल्या. "परत धुवा."

आणि आप्पा परत विहिरीवर गेले.